उभ्या गाड्यांनी अडवलेल्या गल्ल्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको-हडको भागात, आणि आता लातूर, नांदेड, परभणी येथील जुन्या वसाहतींतही, घरासमोर गाडी कोणी लावायची यावरून शेजाऱ्यांत होणारी भांडणे ही किरकोळ कटकट समजून सोडून दिली जातात. पोलीस ठाण्यात गेले तर 'आपसांत मिटवा' असे सांगितले जाते, महापालिकेत गेले तर 'हा वाहतूक पोलिसांचा विषय आहे' असे उत्तर मिळते. माझ्या पाहण्यात आलेली यांतील बरीच भांडणे रोज ये-जा करणाऱ्या गाड्यांवरून सुरू झालेली नाहीत. महिनोन् महिने, काही ठिकाणी वर्षानुवर्षे, जागची न हललेली एखादी गाडी त्यांच्या मुळाशी असते. चालती गाडी आणि नुसती उभी गाडी यांत प्रशासनाने फरक करावा आणि उभ्या गाड्यांचा प्रश्न स्वतंत्रपणे हाती घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सिडकोने १९७०च्या दशकात आपल्या शहरात वसाहती आखायला सुरुवात केली तेव्हा अल्प व मध्यम उत्पन्न गटातील घरांपुढे एक सायकल, फार तर एक स्कूटर उभी राहील इतकीच जागा गृहीत धरलेली होती, आणि त्या काळाच्या मानाने ते चूक नव्हते. पुढे १९८५मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, चिकलठाणा आणि शेंद्र्याचा पसारा वाढला, हाती पैसा आला. ऑक्टोबर २०१०मध्ये येथील उद्योजक-व्यावसायिकांनी एकाच वेळी दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या, तेव्हा मागास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मराठवाड्याची देशभर चर्चा झाली होती आणि आम्हा सर्वांना त्याचा अभिमानही वाटला होता. गाड्या वाढल्या, गल्ल्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. उलट त्या अरुंद झाल्या, कारण घरापुढे सोडलेल्या सामासिक अंतरात कोणी खोली काढली, कोणी दुकानाचा गाळा काढला, कोणी जिना बाहेर आणला, आणि जी गाडी फाटकाच्या आत उभी राहू शकली असती ती रस्त्यावर आली. २००६मध्ये सिडकोने या वसाहती महापालिकेकडे हस्तांतरित केल्या. त्यानंतर रस्ते, पाणी आणि दिवे यांची जबाबदारी पालिकेची झाली, पण गल्लीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांची जबाबदारी नेमकी कोणाची, हे आजवर कोणी स्पष्ट केलेले नाही.

आमच्या गल्लीतील एक उदाहरण देते. चंदेरी आच्छादन घातलेली एक चारचाकी कडुलिंबाखाली उभी आहे. तिची चारही चाके हवा जाऊन जमिनीला टेकली आहेत, आच्छादन उन्हाने विरून फाटले आहे, बोनेटखाली उंदरांनी घर केले आहे आणि पावसाळ्यात आच्छादनाच्या घडीत साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या दिसतात. हे सगळे एक वेळ सोसता आले असते. अडचण अशी, की गल्लीच्या जलवाहिनीच्या व्हॉल्व्हचे चेंबर नेमके या गाडीच्या पुढच्या चाकांच्या मध्ये आहे. जायकवाडीत पाणी असूनही शहराला ते किती दिवसांच्या अंतराने मिळते, हे आपले वृत्तपत्र सातत्याने मांडत आले आहे. त्यामुळे पाणी सुटण्याचा दिवस आमच्याकडे घराघरांत लक्षात ठेवला जातो. त्या रात्री लाइनमन चावी घेऊन येतो, गाडीखाली वाकून चेंबरचे झाकण सरकवण्याचा प्रयत्न करतो, चावी फिरवायला जागा मिळत नाही, आणि कधी व्हॉल्व्ह अर्धाच उघडतो तर कधी तो पुढच्या गल्लीत निघून जातो. मग टँकर मागवावा लागतो, आणि टँकर तरी वळणार कसा? तो कोपऱ्यावरच उभा राहतो आणि बायका-माणसे पाइप जोडत बसतात. अशा रात्री तोंडातून जे शब्द जातात ते दुसऱ्या दिवशी परत घेता येत नाहीत. दोन घरांतील हळदी-कुंकवाचे जाणे-येणे त्या गाडीपायी बंद झालेले आम्ही पाहिले आहे.

त्या गाडीचे मालक पुण्यात नोकरीला आहेत आणि येथे त्यांचे वृद्ध वडील एकटे राहतात. 'काका, गाडी दोन हात मागे तरी सरकवून घेऊ या का?' असे विचारले, तर ते म्हणतात, 'पोराला विचारल्याशिवाय कसं हलवू, बाई? दिवाळीला येईल तेव्हा नेईल म्हणालाय.' त्यांच्या बोलण्यात उर्मटपणा कधीच नसतो. गाडीची किल्ली कुठे आहे हेही त्यांना ठाऊक नाही. म्हणून अशा प्रकरणात माणसांना दोष देऊन भागत नाही, असे माझे मत आहे. माणूस आडमुठा असेल तर त्याच्याशी भांडता तरी येते. येथे भांडायलाही समोर कोणी नसते.

गाड्या उभ्या का राहतात, याची कारणे पाहिली पाहिजेत. बँकेच्या कर्जविभागात नोकरी केल्यामुळे यांतील काही कारणे मला जवळून माहीत आहेत. पहिले कारण वारसाचे. गाडी वडिलांच्या नावावर, वडील गेले, मुले तीन गावी, आणि नमुना ३१ भरून गाडी कोणाच्या तरी नावावर करून घ्यायची तर सर्वांची संमती हवी. मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवले तर वारसाला ती गाडी तीन महिने वापरता येते आणि तेवढ्या मुदतीत हस्तांतराचा अर्ज करता येतो, ही तरतूद बहुतेक कुटुंबांना ठाऊकच नसते. दुःखाचे दिवस संपेपर्यंत मुदत निघून जाते आणि पुढे 'बघू' म्हणत गाडी तशीच राहते. २०२१पासून नोंदणी प्रमाणपत्रात वारसदाराचे नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे. ज्येष्ठ नागरिकांनी ती अवश्य वापरावी. दुसरे कारण कर्जाच्या बोजाचे. हप्ते कधीच फिटलेले असतात, पण बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ आरटीओत दाखल करून बोजा उतरवलेला नसतो. पुढे गिऱ्हाईक आले की कागद सापडत नाहीत, बँकेची शाखाही दुसऱ्या शाखेत विलीन झालेली असते, आणि व्यवहार फिसकटतो.

तिसरे कारण वयाचे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. चारचाकीसाठी पूर्वी सहाशे रुपये असलेले हे शुल्क १ एप्रिल २०२२पासून पाच हजार रुपये झाले, आपल्या राज्यात त्यावर पर्यावरण कर वेगळा, शिवाय गाडी दुरुस्त करून तपासणीला न्यायचा खर्च. ज्या गाडीची बाजारात किंमत उरली नाही तिच्यावर एवढा खर्च कोण करणार? मालक नूतनीकरण करत नाही आणि नोंदणी रद्दही करत नाही. वास्तविक गाडी कायमची निकामी झाली असेल तर चौदा दिवसांच्या आत किंवा शक्य तितक्या लवकर तसे नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवणे हे मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५५ प्रमाणे मालकाचे कर्तव्य आहे. घराजवळच्या भंगारवाल्याला गाडी देऊन टाकली तरी कागदावर ती मालकाच्याच नावे राहते, आणि तिची पाटी किंवा चेसिस क्रमांक भलत्याच कामी वापरला गेला तर चौकशीला मालकालाच सामोरे जावे लागते. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार नोंदणीकृत वाहन-भंगार केंद्रात गाडी दिल्यास ती जमा केल्याचे 'ठेव प्रमाणपत्र' मिळते आणि ते दाखवून नवी खासगी गाडी घेताना मोटार वाहन करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा त्या नियमांनी राज्यांना दिलेली आहे. जालन्याच्या पोलाद कारखान्यांना भंगार लोखंड लागतेच. मराठवाड्यातील सामान्य मालकाला गाडी सन्मानाने आणि कायदेशीर रीतीने निकालात काढायची असेल तर त्यासाठी लांब जावे लागू नये, अशी व्यवस्था येथे उभी राहणे अवघड नाही.

आता रस्त्याच्या मालकीविषयी. 'माझ्या घरासमोरची जागा माझी' ही समजूत इतकी खोल रुजली आहे की लोक तेथे दगड मांडतात, कुंड्या ठेवतात, तुटक्या खुर्च्यांना दोरी बांधतात, आणि 'येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल' अशा पाट्या रंगवून घेतात. फाटकातून आत-बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा मिळावा ही घरमालकाची मागणी रास्त आहे. त्यापलीकडे फाटकाच्या बाजूचा रस्ता हा सार्वजनिक रस्ताच आहे. तेथे वाहन उभे करण्याची जागा किंवा मनाई ठरवण्याचा अधिकार शासन आणि त्याने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेला आहे, खासगी पाटीला नाही. आणि दुसऱ्याच्या गाडीची हवा सोडणे किंवा काच फोडणे हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे आगळिकीचा गुन्हा होतो. पण हाच नियम उलट बाजूनेही लागू होतो, हे लक्षात घेतले पाहिजे. घरमालकाला रस्ता राखून ठेवता येत नसेल, तर बंद गाडीच्या मालकालाही तो राखून ठेवता येणार नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन उचलून नेण्याचे आदेश गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो. रात्री घरासमोर लावून सकाळी कामावर नेलेल्या गाडीवर हे कलम उगारणे अन्यायाचे होईल, कारण इतक्या घरांना दुसरी जागाच नाही. परंतु ज्या गाडीच्या चाकांभोवती गवत उगवले आहे तिच्यासाठी हे कलम केलेले आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण दिसत नाही. रस्त्यावरील अडथळा दूर करण्याचे अधिकार महापालिका आयुक्तांनाही आहेत, आणि सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. तीन यंत्रणांकडे अधिकार असताना प्रत्येकीने दुसरीकडे बोट दाखवावे, हे आम्हाला समजत नाही.

गल्लीतील गर्दीचा दुसरा उगम अपार्टमेंटच्या आवारात आहे. सूतगिरणी चौक, उल्कानगरी, गारखेडा या भागांत घरे पाडून चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या खाली खांबांमधील पार्किंग आहे, पण तेथे पाहावे तर एका खांबाआड जुना पाळणा आणि कपाट, दुसऱ्या खांबाआड मोडकी स्कूटर, तिसरीकडे धूळ खाणारी कार, आणि रोज कामावर जाणाऱ्या रहिवाशांच्या गाड्या बाहेर रस्त्यावर. मग शेजारच्या रो-हाऊसवाल्यांशी त्यांची भांडणे होतात. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या प्रकरणात, १९६३च्या सदनिका कायद्याखाली खांबांमधील पार्किंग हे 'गॅरेज' ठरत नाही आणि विकसकाला ते वेगळे विकता येत नाही, असा निर्णय दिला. तरीही 'मी बिल्डरला वेगळे पैसे मोजले आहेत, जागा माझी, गाडी चालो की न चालो' हे वाक्य जुन्या इमारतींच्या प्रत्येक सभेत ऐकू येते. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा, आल्यानंतरच्या प्रकल्पांत आच्छादित पार्किंगचा व्यवहार करारात नमूद करून करता येतो, आणि एप्रिल २०२४मध्ये महारेराने, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाने, अशा जागेची लांबी, रुंदी, उंची व ठिकाण करारात लिहिणे बंधनकारक केले. नव्या खरेदीदारांनी ते जरूर तपासावे. उघड्या जागेतील पार्किंग मात्र विकता येत नाही, ते सामाईकच राहते.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये यावर पुरेसा विचार झालेला आहे. पार्किंगची जागा संस्था वाटून देते. ती सदस्याला विकता किंवा दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही. सामान्यतः एका सदस्याला एकच जागा मिळते, उरल्यास दुसरी एका वर्षापुरती. आणि वाहने जास्त, जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करायचे असते. अडचण दोन ठिकाणी येते. आपल्याकडे कितीतरी इमारतींची सहकारी संस्था म्हणून नोंदणीच झालेली नाही, त्या १९७०च्या अपार्टमेंट कायद्याखालील घोषणापत्रावर चालतात. घोषणापत्रात पार्किंगविषयी जे लिहिले तेच खरे, आणि ते कोणी वाचलेले नसते. जेथे संस्था आहे तेथेही 'सदस्याकडे वाहन असावे' एवढीच अट पाहिली जाते, वाहन चालू असावे की नाही याचा विचार होत नाही. वाटपाच्या वेळी वाहनाची नोंदणी, विमा आणि प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र चालू स्थितीत असल्याचे दाखवावे, असा ठराव सर्वसाधारण सभेने चर्चेसाठी घ्यावा असे मी सुचवते. ज्याची गाडी बंद आहे त्याचे सदस्यत्व जात नाही की हक्क हिरावला जात नाही; गाडी रस्त्यावर येण्याजोगी झाली की पुढच्या वाटपात त्याचीही चिठ्ठी पडेल.

राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५मध्ये असे जाहीर केले होते की पार्किंगच्या जागेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. जपानमध्ये १९६२पासून असा कायदा आहे आणि तेथे पोलिसांकडून जागेचा दाखला घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२१मध्ये, पार्किंगची पुरेशी जागा नसताना एकाच कुटुंबाला चार-चार, पाच-पाच गाड्या घेऊ देण्याबद्दल नाराजी व्यक्त केली होती. हे धोरण मराठवाड्यात आज ना उद्या येईल आणि यावे. मात्र त्याने नव्या गाड्यांना लगाम बसेल. जी गाडी आधीच व्हॉल्व्हच्या चेंबरवर उभी आहे ती तेथेच राहील.

म्हणून महापालिकेने प्रभागनिहाय पाहणी करावी, आणि ती करताना सरसकट कारवाईचा धाक न दाखवता सुरुवात व्हॉल्व्हची चेंबर, महावितरणच्या डीपी, अग्निशमन बंब आणि टँकर वळण्याचे कोपरे यांच्यापासून करावी. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या उन्हाळ्यात जे लातुरात होते त्यांना टँकर गल्लीत शिरण्याइतका रस्ता मोकळा असण्याची किंमत मी सांगायला नको. अशा ठिकाणच्या बंद गाडीवर छायाचित्र काढून दिनांकासह नोटीस चिकटवावी, नोंदणी क्रमांकावरून मालकाला कळवावे, एक ठरावीक मुदत द्यावी, आणि ती उलटल्यास वाहतूक पोलिसांच्या साहाय्याने गाडी उचलावी. मालक परगावी असेल तर गल्लीतील लोक गाडी ढकलून बाजूला लावायला आनंदाने हात लावतील. त्यासाठी मालकाची लेखी संमती घेण्याचा एखादा साधा नमुना प्रभाग कार्यालयाने तयार ठेवला तरी अर्धी भांडणे टळतील, कारण आज त्या गाडीला हात लावायला सगळे घाबरतात. उद्या ओरखडा निघाला तर आपल्यावरच तक्रार येईल, ही भीती खोटी नाही.

परिवहन कार्यालयाने याच पाहणीला जोडून प्रभाग कार्यालयांत शिबिरे घ्यावीत. वारसाची नोंद, बोजा उतरवणे, नोंदणी रद्द करणे आणि अधिकृत भंगार केंद्राची माहिती ही कामे एका टेबलावर झाली, तर ज्या वृद्धांना आरटीओच्या रांगेत उभे राहणे जमत नाही त्यांच्या दारातील गाड्या आपोआप मार्गी लागतील. पोलीस ठाण्यांनी अदखलपात्र नोंद करून दोन्ही शेजाऱ्यांना घरी पाठवण्याऐवजी, तक्रारीतील गाडी बंद असल्याचे दिसताच ती माहिती महापालिकेकडे पाठवावी. उत्तर कोणत्या कार्यालयाने द्यायचे हे एकदा ठरले, की शेजाऱ्याला शेजाऱ्याशी भांडावे लागणार नाही.

व्हॉल्व्हच्या चेंबरांची माहिती पाणीपुरवठा विभागाकडे आहे आणि कोणत्या चेंबरवर कोणती गाडी उभी आहे हे प्रत्येक लाइनमनला तोंडपाठ आहे. नव्या जलवाहिन्यांसाठी शहरभर खोदकाम होत असताना ही यादी करणे फारसे अवघड नाही. आयुक्तांनी ती लाइनमनकडून लिहून घ्यावी आणि मार्चमध्ये टँकरच्या फेऱ्या वाढण्याआधी किमान तेवढ्या गाड्या हलवाव्यात, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत त्यांना विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक,
सिडको, छत्रपती संभाजीनगर